सात वाजताचा अंधार

पहाटे 4:40

गजर व्हायच्या आधीच जाग आली. बारा आठवडे ज्यांना हातात घेतलं त्या बत्तीस रॅटपैकी आठांचा आज शेवटचा दिवस आहे. उरलेल्यांचे दिवस पुढच्या तीन दिवसांत. अशा सकाळी चहा घशाखाली उतरत नाही, तरी करून घेते, कारण नंतर दुपारपर्यंत पोटात काही जाणार नाही.

मी पुण्यातल्या एका फार्मसी महाविद्यालयात औषधशास्त्रात पीएच.डी. करते. चरबीयुक्त खाण्यानं यकृताचं जे नुकसान होतं ते मेलाटोनिन नावाचं संप्रेरक बाहेरून दिल्यानं कमी होतं का, आणि होत असेल तर यकृताच्या स्वतःच्या बचावाच्या व्यवस्थेत नेमकं काय बदलतं, हा माझा विषय. 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञानं गाईगुरांच्या पिनिअल ग्रंथींमधून मेलाटोनिन वेगळं काढलं. तो त्वचेच्या रंगाचं कोडं सोडवत होता. या द्रव्यानं बेडकाची कातडी फिकट पडते, म्हणून नावात 'मेला' आलं. माणसाच्या मेंदूत खोलवर, तांदळाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी बसलेली असते आणि अंधार पडला की मेलाटोनिन सोडू लागते.

लोक त्याला झोपेचं संप्रेरक म्हणतात. मला ते पटत नाही. रॅट निशाचर, रात्रभर खातो, धावतो, भांडतो. तरी त्याचंही मेलाटोनिन रात्रीच वाढतं. आपल्याला ते झोपायची वेळ झाल्याचं सांगतं आणि त्याला उठायची. ते रात्रीचं संप्रेरक आहे, एवढंच खरं.

5:20

प्राणीगृहात अजून अंधार. दिवे सकाळी सातला लागतात, संध्याकाळी सातला मालवतात, बारा तास आणि बारा तास, टायमरवर. आत जाताना फक्त लाल दिव्याची बॅटरी, कारण लाल उजेड रॅटला फारसा जाणवत नाही. आजच्या आठ पिंजऱ्यांमधलं खाणं काढून घ्यायचं, पाण्याची बाटली तशीच ठेवायची. प्राणीगृहातले काका माझ्या आधी येऊन उभे होते. "ताई, सतरा नंबरनं आज खाणं अर्धंच खाल्लंय," ते हळूच म्हणाले. त्यांना बत्तीसही जण चालीवरून ओळखू येतात. मी सतरा नंबरसमोर वहीत नोंद केली.

पुष्कळ ठिकाणी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. आम्ही चार तासांवर थांबलो, आणि त्यासाठी माझ्या मार्गदर्शक मॅडमशी मी बराच वाद घातला होता. कारण ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी यकृताची सर्वांत मोठी ढाल आहे, पण तिचा साठा घड्याळावर चालतो. रात्रभर खाल्लेल्या रॅटच्या यकृतात तो पहाटे-सकाळी भरलेला असतो, संध्याकाळकडे उतरतो. उपास घडला तर आणखी उतरतो. म्हणजे रात्रभर उपाशी ठेवून मी ग्लुटाथायोन मोजलं, तर चरबीनं किती खाल्लं आणि भुकेनं किती, हे मला कोण सांगणार? शिवाय एका प्राण्याचं यकृत नऊला आणि दुसऱ्याचं दुपारी तीनला काढलं, तर त्या दोन आकड्यांमधला फरक औषधाचा नसून घड्याळाचा असू शकतो. म्हणून रोज चारही गटांतले दोन-दोन, क्रम चिठ्ठ्या टाकून, आणि साडेअकराच्या आत सगळं संपवायचं.

चार गट असे: साधं खाणं, साधं खाणं आणि मेलाटोनिन, चरबीचं खाणं, चरबीचं खाणं आणि मेलाटोनिन. खाणं कुठलं हे डोळ्यांना दिसतंच, ते लपवता येत नाही. पण औषधाच्या बाटल्यांवर फक्त 'क' आणि 'ख' लिहिलंय. कुठल्या बाटलीत मेलाटोनिन आणि कुठल्या बाटलीत नुसता द्राव, हे शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला माहीत आहे. शेवटचा आकडा लिहून झाल्याशिवाय ती सांगणार नाही, आणि मी विचारणार नाही.

7:00

टक् असा आवाज होऊन दिवे लागतात आणि पिंजऱ्यातली सगळी गडबड पाचेक मिनिटांत थांबते. अंगाची गुंडाळी करून ते झोपतात.

मी बर्फ फोडायला घेते. बर्फ, बफर, थंड सलाईन, नावं लिहिलेल्या कुप्या, आणि क्रायोकॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन. गावाकडे कृत्रिम रेतन करायला येणाऱ्या डॉक्टरांच्या मोटारसायकलला जो डबा बांधलेला असतो, तोच हा.

9:05

प्राण्यांना मारण्याबद्दल थोडक्यात आणि सरळ लिहिते. आयसोफ्लुरेनची पूर्ण भूल, मग हृदयातून रक्त, आणि तो प्राणी पुन्हा जागा होत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, किती प्राणी आणि का तेवढेच हे आधी लेखी सिद्ध करावं लागतं, आणि एकेका प्राण्याचा हिशेब द्यावा लागतो. हे सगळं असावंच. पण त्या कागदांनी माझ्या हातातली थरथर कमी होत नाही. ती कमी होऊ नये असंही मला वाटतं. जिवाच्या बदल्यात मिळालेला आकडा आहे, तो निष्काळजीपणानं मोजला तर तो जीव फुकट गेला.

पोट उघडलं की यकृत समोरच असतं. साध्या खाण्यावरच्या रॅटचं यकृत काळसर तांबूस, तुळतुळीत, कडा धारदार. रॅटला पित्ताशय नसतं, त्यामुळे हिरवी पिशवी बाजूला करायचं काम नाही. थंड सलाईन आत सोडून रक्त धुऊन काढायचं. हे चुकवलं तर लाल पेशींमधलं कॅटलेज हे विकर यकृताच्या हिशेबात जमा होतं आणि सगळं गणित खोटं पडतं. धुतलं की तांबूस रंग उतरून आपला मूळ बदामी रंग दिसतो.

तिसरा प्राणी चरबीच्या खाण्यावरचा होता. त्याचं यकृत धुवायच्या आधीच फिकट, पिकलेल्या चिकूच्या गरासारखं पिवळट तपकिरी, कडा गोल झालेल्या. बोटाखाली लोण्यासारखं दबतं आणि सुरीला तेलकट ओशटपणा राहतो. मी पहिल्यांदा असं यकृत हातात घेतलं तेव्हा बराच वेळ बघत राहिले होते. पुस्तकात 'पेशींमध्ये मेदाचे थेंब साठतात' असं एक वाक्य असतं. ते वाक्य इथे तळहातावर असतं, त्याला वजन असतं.

वजन करायचं, शरीराच्या वजनाशी त्याचं प्रमाण लिहायचं, मग वाटणी. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, मेणात बसवून नेहमीच्या रंगासाठी. या वाटेत अल्कोहोल आणि झायलीन लागतात आणि ती चरबी विरघळवून टाकतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या जागी फक्त पांढरी गोल भोकं दिसतात. भोक दिसलं म्हणजे तिथे चरबी होती, असा उलटा वाचनाचा प्रकार. चरबी प्रत्यक्ष बघायची तर दुसरा तुकडा गोठवून कापायचा आणि 'ऑइल रेड ओ' लावायचा. मग थेंब कुंकवासारखे लाल उठून दिसतात. तिसरा तुकडा नायट्रोजनमध्ये, चौथा बर्फावर, आजच्या चाचण्यांसाठी.

सतरा नंबरचं यकृत काढताना काका दारात उभे होते. काही बोलले नाहीत. आठही प्राणी झाल्यावर आम्ही दोघांनी हात जोडले. आमच्याकडे ही पद्धत कुणी घालून दिलेली नाही.

11:35

काचेच्या नळीत टेफ्लॉनचा दांडा, नळी बर्फात, आणि तुकड्याचा लगदा. ज्या क्रमानं ऊती खराब होते त्या क्रमानं चाचण्या घ्यायच्या, म्हणून सगळ्यात आधी ग्लुटाथायोन. प्रथिनं आम्लानं खाली बसवायची, वरचं निवळ पाणी घ्यायचं, त्यात एल्मनचं रसायन टाकायचं. जॉर्ज एल्मननं 1959 मध्ये दिलेली ही रीत इतकी साधी आहे की साठ वर्षांनंतरही ती वापरात आहे. गंधक असलेलं ग्लुटाथायोन जितकं जास्त तितका पिवळा रंग गडद. यंत्र तो रंग 412 नॅनोमीटरवर वाचतं, पण डोळ्यालाही फरक कळतो.

'अँटिऑक्सिडंट स्टेटस' हा शब्द आता पावडरींच्या डब्यांवरही दिसतो, जणू शरीरात एक टाकी आहे आणि ती भरली की झालं. मला या शब्दाशी रोज झगडावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पेशीत ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन निसटतात आणि प्राणवायूला चिकटून सुपरऑक्साइड बनतो. यकृतावर मेदाम्लांचा मारा झाला, ती जाळायचं काम वाढलं, की ही गळतीही वाढते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये ते ओळखलं, तोपर्यंत सजीवांत असं काही काम चालतं याची कल्पनाच नव्हती. पण पेरॉक्साइडही निरुपद्रवी नव्हे. कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात तेव्हा कुठे काम संपतं. आता समजा, पहिल्या विकराचा आकडा वाढला आणि पुढची दोन मागे राहिली. जाहिरातीत ते 'स्टेटस सुधारलं' म्हणून छापलं जाईल. पेशीत मात्र पेरॉक्साइड साचत असेल. उलटही होतं: चरबीच्या खाण्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत यकृत घाबरून विकरं वाढवतं, आकडा चांगला दिसतो, आणि तो चांगला दिसणं हीच धोक्याची खूण असते. एक आकडा वाचून काही कळत नाही. सगळे आकडे शेजारी ठेवून, यकृताच्या कापाकडे बघत वाचावे लागतात.

आणि ग्लुटाथायोन खरोखर जीव वाचवतं, हेही खोटं नाही. पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या कुणी भरमसाट घेतल्या तर यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरू लागतात. रुग्णालयात तेव्हा एन-ॲसिटिलसिस्टीन देतात, ज्यातून यकृत पुन्हा ग्लुटाथायोन बनवतं. पहिल्या आठ तासांत दिलं तर बहुतेक सगळं यकृत वाचतं. पुढे उशीर होत जातो तसा फायदा घटतो. तिथेही घड्याळच.

1:20

डबा. पोळी-भाजी, अर्धी खाऊन झाली तेवढ्यात कराडच्या मामांचा निरोप आला. रिपोर्टचा फोटो. 'फॅटी लिव्हर, ग्रेड 1.' खाली एका बाटलीचा फोटो आणि एक ओळ: ही गोळी चालेल का? बाटलीवर मेलाटोनिन.

संध्याकाळी फोन करते, असं कळवलं.

2:15

आता खवटपणाची चाचणी. मी तिला हेच म्हणते, आणि मॅडमनीही आता हा शब्द उचललाय. फराळाच्या डब्यातली शेव दिवाळीनंतर खवट होते, तेव्हा जे घडतं तेच यकृताच्या पेशीच्या आवरणात घडतं: असंतृप्त मेदाम्लाच्या साखळीतून एक हायड्रोजन ओढला जातो, ती साखळी शेजारणीचा ओढते, ती पुढचीचा, आणि आवरणाला भोकं पडत जातात. शेवटी तुकडे होऊन मॅलॉनडायआल्डिहाइड उरतं. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवलं की ते गुलाबी होतं. 1950च्या दशकात दुग्धशास्त्रज्ञ ही चाचणी दुधातली चरबी बिघडली का ते बघायला वापरत होते. 1979 मध्ये ओकावा आणि सहकाऱ्यांनी ती प्राण्यांच्या ऊतींसाठी बसवली आणि तेव्हापासून जगभरात असंख्य यकृतं याच गुलाबी रंगात मोजली गेली.

95 अंशांवर एक तास. उकळतानाच नमुन्यातली चरबी आणखी खवट होऊ नये म्हणून बीएचटी टाकायचं, बिस्किटांत घालतात तेच. मग ब्युटॅनॉल-पिरिडीननं रंग वर ओढून घ्यायचा. पिरिडीनच्या वासानं डोकं धरतं, फ्यूम हूड असूनही. 532 नॅनोमीटर.

या तासाभरात खुर्चीत बसून राहायला मला आवडतं. पाण्याच्या हौदात आठ नळ्या आणि हळूहळू चढणारा रंग. दोन-तीन नळ्यांचा गुलाबी उघडच गडद आहे. दोन फिकट. मन लगेच गोष्ट रचू लागतं: हा नक्की 'ख', हा नक्की मेलाटोनिनचा. म्हणूनच बाटल्यांवर नावं नाहीत. आणि ही चाचणी फार प्रामाणिकही नाही. साखरा आणि दुसरी आल्डिहाइडंही तिच्यात थोडा गुलाबी रंग भरतात. गुलाबी म्हणजे खवट असं घाईनं म्हणायचं नाही, सूक्ष्मदर्शक काय म्हणतो ते आल्यावर म्हणायचं.

4:30

उरलेल्या रॅटसाठी खाणं करायचं. एक किलोत 365 ग्रॅम नेहमीचं खाद्य दळून, 310 ग्रॅम वितळवून गाळलेली डुकराची चरबी, 250 ग्रॅम केसिन, 10 ग्रॅम कोलेस्टेरॉल, बाकी जीवनसत्त्वं, खनिजं, थोडं मेथिओनिन, यीस्ट, मीठ. मोहालीच्या नायपर संस्थेतून 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाककृती देशात खूप ठिकाणी वापरतात. तिच्यात सुमारे 58 टक्के उष्मांक चरबीतून येतात. मळून लाडू वळायचे. पहिल्या आठवड्यात माझे लाडू फुटायचे. काकूंनी, म्हणजे काकांच्या घरच्यांनी, निरोप पाठवला होता की चरबी कोमट असतानाच वळ. तेव्हापासून फुटत नाहीत.

काही जण चरबीऐवजी वनस्पती तूप आणि खोबरेल वापरतात, कारण ते मिळायला सोपं. माझा त्याला विरोध आहे, आणि कारण स्वच्छतेचं किंवा सोवळ्याचं नाही. 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपातले ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली गेली. लोकांसाठी ही फार मोठी चांगली गोष्ट झाली. पण वीस वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधातलं वनस्पती आणि आज दुकानातलं वनस्पती हे आता वेगळे पदार्थ आहेत. डब्यावरचं नाव तेच असल्यानं कुणाच्या लक्षात येत नाही.

लाडू चार अंशांत ठेवायचे आणि आठवड्याच्या आत संपवायचे. बाहेर राहिले तर तेच खवट होतात आणि मग मी यकृतात जो खवटपणा मोजते तो पेशीत झाला की ताटातून आला, हे सांगता येत नाही.

6:10

चोवीस जणांची मात्रा. बाटल्यांना चांदीचा कागद गुंडाळलेला, कारण उजेडानं मेलाटोनिन बिघडतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थेंबभर अल्कोहोल, मग सलाईन. यकृताच्या अभ्यासात अल्कोहोल! म्हणून ते एक टक्क्याच्या आत ठेवलंय आणि 'क' आणि 'ख' दोन्ही बाटल्यांमध्ये तेवढंच आहे.

डावा हात खांद्यांभोवती, मान सरळ, गोल टोकाची सुई जिभेच्या कडेनं. जोर लावायचा नाही. तो गिळतो तेव्हा ती आपोआप उतरते. एकाला दीड मिनिट. मला कुणी विचारलं की पीएच.डी.त काय शिकलीस, तर मी हे सांगेन.

मात्रा याच वेळी का? कारण आतलं मेलाटोनिन थोड्याच वेळात वाढणार असतं आणि बाहेरचं त्याच्या जोडीला जातं. पोटात गेल्यावर तासाभरात ते निम्म्याखाली येतं. बहुतेक यकृतच त्याची विल्हेवाट लावतं. सकाळी नऊला तेच औषध त्याच मात्रेत दिलं, तर शरीराला दिवसा रात्रीचा निरोप मिळेल. तो वेगळाच प्रयोग होईल. तरीही अनेक शोधनिबंधांत किती मिलिग्रॅम हे दशांशापर्यंत लिहिलेलं असतं आणि किती वाजता हे कुठेच नसतं. ते वाचताना मला खरंच राग येतो.

या वेळेची किंमत मला एकदा पुरती कळली आहे. या प्रयोगाच्या आधी मी अशीच एक तुकडी सुरू केली होती. सहाव्या आठवड्यात रात्री साडेदहाला वही विसरली म्हणून परत आले, तर प्राणीगृहाच्या दाराच्या काचेतून व्हरांड्यातल्या ट्यूबचा उजेड आत पडत होता. रोज रात्रभर पडत असणार. आत उभं राहून पिंजऱ्यांवरचे नंबर वाचता येत होते. मेलाटोनिनचा अभ्यास, आणि प्राण्यांना सहा आठवडे खरी रात्रच मिळाली नव्हती. 2010 मध्ये अमेरिकेत लॉरा फॉन्कन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की रात्री फक्त 5 लक्स इतका मंद उजेड ठेवला तर उंदीर तेवढंच खाऊनही जाड होतात, कारण ते खाण्याची वेळ बदलतात, दिवसा खातात. हे मी वाचलेलं होतं, माझ्या प्रस्तावनेत लिहिलेलं होतं. ती तुकडी रद्द केली. सगळं पुन्हा सुरू करायला पाच महिने गेले. त्या प्राण्यांचं ओझं अजून मनावर आहे. आता काचेवर काळ्या कागदाचे दोन थर आहेत आणि दाराखाली फोमची पट्टी.

6:57 ला शेवटचा पिंजरा फळीवर. 7:00. टक्.

7:20

कॉलेजच्या कट्ट्यावरून मामांना फोन लावला.

"काय गं पोरी, जेवलीस का?"

"नाही अजून. मामा, रिपोर्ट बघितला मी."

"बघितलास ना? मला एक कळंना. मी माळकरी माणूस. पंचवीस वर्षं वारी चुकवली नाही. दारू सोड, अंडं नाही खाल्लं. आणि लिव्हर माझं खराब? डॉक्टर तोंडावर बोलले नाहीत, पण बघत होते तसे."

त्यांच्या आवाजात तपासणीपेक्षा अपमान जास्त होता. मी त्यांना सांगितलं की हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये लुडविग नावाच्या डॉक्टरांनाही कळत नव्हतं. दारू न पिणाऱ्यांची यकृतं दारुड्यांसारखी दिसत होती. 1980 मध्ये त्यांनी त्याला 'दारूविना' असं नाव दिलं. आणि 2023 मध्ये जगभरच्या डॉक्टरांनी ते नावही बदललं, कारण त्यात दारूचा उल्लेख राहायचा आणि रुग्णाला उगाच मान खाली घालावी लागायची. आता नाव चयापचयावरून आहे. "मामा, तुमच्या माळेला काही लागलेलं नाही. आहे ते पोटावरच्या घेराचं आणि साखरेचं. सोनोग्राफीत चरबी दिसते तेव्हा ती थोडीथोडकी नसते, एवढं मात्र ध्यानात घ्या."

"मग ही गोळी? मेडिकलवाला म्हणाला, झोप पण लागते आणि लिव्हरला पण चांगली. तू तर ह्याचंच शिकतीयस ना?"

हा प्रश्न मला टाळायचा नव्हता. मी हिशेब सांगितला. आमच्या रॅटला किलोमागे 10 मिलिग्रॅम देतो. रॅटची मात्रा माणसात आणायची तर साधारण 6.2 नं भागतात, म्हणजे किलोमागे 1.6. साठ किलोच्या माणसाला जवळपास 97 मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीतली गोळी 3 मिलिग्रॅमची. माझ्या रॅटवरून तुमच्या गोळीबद्दल काही सांगता येत नाही. आणि तुमचं शरीर स्वतः रात्रभरात जेवढं बनवतं ते एका मिलिग्रॅमचा दहावा भागही नसतं, तर 3 सुद्धा कमी नाही. शिवाय बाटलीत लिहिलंय तेवढंच असतं असंही नाही: 2017 मध्ये कॅनडात 31 उत्पादनं तपासली, तर कुठे लेबलपेक्षा 83 टक्के कमी, कुठे 478 टक्के जास्त निघालं.

"म्हणजे घेऊ नको?"

"यकृतासाठी म्हणून घेऊ नका. झोपेसाठी हवी असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नाही. तुमच्या बाकीच्या गोळ्यांशी तिचं जमतं का ते त्यांना बघू द्या."

मग मी बोलतच राहिले, आणि ते ऐकत राहिले. व्हिटॅमिन ई यकृताच्या सुजेवर काही लोकांत उपयोगी पडलं, 2010 च्या एका मोठ्या चाचणीत, पण मधुमेह नसलेल्यांत आणि मोठ्या मात्रेत. तेही स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. अँटिऑक्सिडंट म्हणून बीटा कॅरोटीन दिलं तेव्हा फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढला, हे 1994 मध्ये दिसलं. चांगल्या वाटणाऱ्या वस्तूही मोजून बघाव्या लागतात. 2024 मध्ये अमेरिकेत याच आजारासाठी पहिलं औषध मंजूर झालं, रेस्मेटिरॉम, आणि ते यकृतात थायरॉइड संप्रेरकाची नक्कल करतं. म्हणजे संप्रेरकातून वाट निघू शकते. मी उगाच बारा-बारा आठवडे घालवत नाही. पण तेही सूज आणि व्रण असलेल्यांसाठी, आहार-व्यायामाच्या जोडीला. तुमच्या टप्प्याला वजन सात ते दहा टक्के उतरलं तर यकृतातली चरबी उतरते, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलंय.

"सात टक्के म्हणजे किती?"

"तुमचं किती आहे?"

"एक्क्याऐंशी."

"साडेपाच-सहा किलो. वारीला चालता तेवढं रोज नको. निम्म्याच्या निम्मं, पण बाराही महिने. चहातली साखर. संध्याकाळचं फरसाण. आणि मामा, जेवता किती वाजता?"

थोडा वेळ ते गप्प होते. "हरिपाठ झाल्यावर. मग बातम्या. दहा, साडेदहा."

"हरिपाठाच्या आधी जेवता येईल?"

"तुझ्या मामीला विचारतो," ते म्हणाले. म्हणजे जमेल.

9:10

वहीत आजचे बत्तीस आकडे लिहिले, आठ प्राणी, चार रकाने. पाचवा रकाना, 'क' की 'ख' चा, रिकामा. गोठवलेले तुकडे उणे ऐंशीत ठेवले, दारावरचं तापमान पुन्हा एकदा बघून घेतलं.

निघण्याआधी व्हरांड्यातली ट्यूब बंद केली, दार लोटून आत जाऊन उभी राहिले आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबले. दहा मिनिटं झाली तरी पिंजऱ्यांवरचे नंबर दिसेनात. आठ पिंजरे आज रिकामे आहेत, धुवून पालथे घातलेले. बाकी चोवीसांतून कुरतडण्याचा आवाज येत होता, कुणीतरी बाटलीची नळी ओढत होतं. मी चाचपडत कडी शोधली आणि बाहेरून दार लावून घेतलं.